जुन्या गाडीचा नवा धनी

बैलबाजारात गेलेला शेतकरी जनावराच्या अंगावरच्या झुलीला किंवा शिंगांच्या रंगाला भुलत नाही. तो पुढे होतो, बैलाचे तोंड उघडतो आणि दात पाहतो. बैल दोनदाती आहे, चारदाती आहे, की सारे दात येऊन जुळलेला आहे, यावरून तो त्याचे वय ताडतो. मग त्याला चार पावले चालवून पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो आणि त्यानंतरच भावाची गोष्ट निघते. हा भाव पूर्वी उघड बोलून ठरत नसे. उपरण्याखाली किंवा रुमालाखाली हातात हात घालायचा, बोटे दाबायची आणि बोटांच्या खुणांनी आकडा कळवायचा, ही महाराष्ट्रातील जनावरांच्या बाजाराची जुनी रीत. भोवती पन्नास माणसे उभी असली, तरी आकडा त्या दोन हातांखेरीज कोणाला कळत नसे.

या रीतीच्या मुळाशी एक जुनी अडचण आहे. ज्याने चार वर्षे बैल जुंपला, त्याला त्याच्या साऱ्या खोडी ठाऊक असतात. बैल मारका आहे काय, जुंपल्यावर मध्येच बसकण मारतो काय, उन्हाळ्यात धापा टाकतो काय, हे घेणाऱ्याला मात्र पहिल्या नांगरटीपर्यंत कळायचे नाही. विकणारा जाणता आणि घेणारा अजाण, अशी ही विषम लढत असते. दलालाची मध्यस्थी, दातांची परीक्षा, गावच्या ओळखीची साक्ष, हे सारे उपाय ती विषमता कमी करण्यासाठी निघाले. बैलाची जागा यंत्राने घेतली, तेव्हा हे उपाय अपुरे पडले. मग त्यांच्या जागी काय आले, आणि ते येण्यास किती काळ लागला, हा इतिहास मनोरंजक आहे. आणि तो पाहावयाचा तर दिल्लीच्या दक्षिण सीमेवरील फरीदाबादसारखे दुसरे ठिकाण शोधून सापडणार नाही.

फरीदाबाद हे गाव जुने. जहांगीर बादशहाचा खजिनदार शेख फरीद याने १६०७ साली ते वसविले असे सांगतात. दिल्लीहून आग्र्याकडे जाणाऱ्या राजमार्गाचे रक्षण व्हावे, हा त्यामागील हेतू. परंतु आज ज्याला लोक फरीदाबाद म्हणून ओळखतात, ते औद्योगिक नगर फाळणीच्या दुःखातून जन्मले. वायव्य सरहद्द प्रांतातून, बन्नू आणि डेरा इस्माइलखानाच्या बाजूने, घरदार सोडून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ च्या सुमारास येथे नवी वसाहत उभारण्याचे काम सुरू झाले. त्यासाठी नेमलेल्या विकास मंडळाचे अध्यक्षपद डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्याकडे होते. आपली घरे, रस्ते आणि शाळा या लोकांनी पुष्कळ अंशी स्वतःच्या हातांनी बांधल्या. पुढे कारखाने आले. आयशरचा ट्रॅक्टर येथून १९५९ साली बाहेर पडला. शेजारच्या बल्लभगढला १९६१ साली गुडइयरचा टायरचा कारखाना सुरू झाला. एस्कॉर्ट्सने येथेच आपले मोठे बस्तान बसविले. सर्वस्व गमावून आलेल्या माणसांच्या हाती पाना आणि हातोडी आली, आणि मोडलेले दुरुस्त करून पुन्हा चालते करण्याची विद्या या नगराच्या अंगी मुरली. १५ ऑगस्ट १९७९ रोजी गुडगाव जिल्ह्यातून वेगळा होऊन फरीदाबाद स्वतंत्र जिल्हा झाला.

या नगरात आज देशाच्या सर्व भागांतील माणसे नांदतात; त्यांत नोकरीनिमित्त उत्तरेत आलेली मराठी कुटुंबेही आहेत. घरात वृद्ध आईवडील, शाळेत जाणारी मुले, सुट्टीत येणारे पाहुणे, आणि महिन्याचा पगार मोजका. अशा कुटुंबाला पाच माणसांची चकचकीत मोटार पुरत नाही आणि सात-आठ माणसांची नवी गाडी परवडत नाही. मग ते कुटुंब जुनी व्हॅन शोधू लागते. ही व्हॅन कोठून आली, हे प्रथम पाहिले पाहिजे.

एकाच डब्यात कुटुंबही बसावे आणि सामानही राहावे, या कल्पनेचे श्रेय बेन पॉन या डच व्यापाऱ्याकडे जाते. जर्मनीतील फोक्सवॅगनच्या कारखान्यात तो १९४७ साली गेला असता, त्याने आपल्या वहीत अशा गाडीचे एक साधे चित्र काढले. त्या चित्रावरून १९५० साली फोक्सवॅगनची सुप्रसिद्ध डबागाडी निघाली. महाराष्ट्राचा या कुळाशी संबंध आला तो बजाज टेम्पोच्या द्वारे. अहमदनगरचे स्वातंत्र्यसैनिक आणि उद्योजक नवलमल फिरोदिया यांनी उभारलेल्या या कंपनीने १९६९ च्या सुमारास पुण्याजवळच्या आकुर्डीतून मॅटडोर ही गाडी बाजारात आणली. लग्नाचे वऱ्हाड, भाजीच्या पाट्या आणि रुग्ण या तिघांनाही मॅटडोर सारखीच उपयोगी पडे. देशाच्या कित्येक भागांत ‘मॅटडोर’ हे एका गाडीचे नाव न राहता साऱ्या जातीचेच नाव होऊन बसले.

मध्यमवर्गीय घराच्या दारात ही जात आली ती मात्र १९८४ साली. गुडगावच्या मारुती कारखान्यातून पहिली छोटी मोटार १४ डिसेंबर १९८३ रोजी बाहेर पडली होती. त्यापाठोपाठ पुढील वर्षी मारुती व्हॅन आली. सुझुकीच्या ‘कॅरी’ या जपानी गाडीचा तो भारतीय अवतार. इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरचे, आणि तेही पुढच्या आसनांच्या खाली दडविलेले. मागच्या प्रवाशांसाठी सरकते दार. नाक जवळजवळ नाहीच. योगायोग असा की, अमेरिकेत क्राइसलरची आणि फ्रान्समध्ये रेनोची कौटुंबिक व्हॅन त्याच १९८३-८४ च्या सुमारास अवतरली. तीन खंडांतील मध्यमवर्गाला जणू एकाच वेळी एकच गरज भासली. मारुती व्हॅनचे १९८८ साली ‘ओम्नी’ असे नामकरण झाले. शाळेची गाडी, रुग्णवाहिका, किराणा दुकानदाराचे वाहन आणि हिंदी चित्रपटांतील पळवापळवीचे साधन, अशा नाना भूमिका तिने पार पाडल्या. २००१ साली ‘व्हर्सा’ आली, पण ती महागडी ठरून फार काळ टिकली नाही. २०१० च्या जानेवारीत त्याच बांध्याची, पण साधी आणि स्वस्त अशी ‘ईको’ आली. नवे सुरक्षिततेचे नियम ओम्नीला पेलणारे नव्हते. पस्तीस वर्षांच्या सेवेनंतर २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. तेव्हा आज जो कोणी ओम्नी घेईल, तो जुनीच घेणार, हे उघड आहे.

जुनी मोटार नव्यापेक्षा स्वस्त असते, हे आज सांगावे लागत नाही. परंतु या देशात एक काळ असा होता की, हा साधा नियम उलटा फिरला होता. स्वातंत्र्यानंतर परदेशी चलन वाचविण्यासाठी तयार मोटारींची आयात बंद करण्यात आली. देशात निघणाऱ्या मोटारी मोजक्या: उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. मागणी अफाट आणि उत्पादन तुटपुंजे. १९५९ साली सरकारने मोटारींच्या वाटपावर व विक्रीवर नियंत्रण घालणारा हुकूम काढला. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ज्याला उद्याच गाडी हवी असे, तो दोन-तीन वर्षे वापरलेल्या फियाटला नव्या फियाटच्या ठरीव किमतीहून अधिक रक्कम मोजी. घेणारा पैसे मोजत होता ते वाट न पाहण्याचे. दोष तपासण्याची चैन त्याला परवडणारी नव्हती. मिळाली हेच भाग्य, अशी त्याची वृत्ती. मारुतीची नोंदणी १९८३ साली सुरू झाली, तेव्हा दहा हजार रुपयांची अनामत भरून लाखाहून अधिक लोकांनी नावे घातली, आणि पुढे काही वर्षे गाडी मिळण्याच्या नुसत्या हक्कालाही बाजारात वरकड किंमत येत राहिली.

याच टंचाईच्या काळातील एक प्रसंग मोठा बोधक आहे. जॉर्ज अकरलॉफ हा अमेरिकेतील एक तरुण अर्थशास्त्रज्ञ १९६७-६८ हे वर्ष दिल्लीतील भारतीय सांख्यिकी संस्थेत घालविण्यासाठी आला होता. निघण्यापूर्वी त्याने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहून एका प्रतिष्ठित नियतकालिकाकडे धाडला होता. तो नाकारल्याचे पत्र त्याला भारतात असतानाच मिळाले. विषय क्षुल्लक आहे, असे संपादकांना वाटले. पुढे आणखी दोन नियतकालिकांनी तो परत केला, आणि शेवटी १९७० साली तो प्रसिद्ध झाला. २००१ साली ज्या कार्याबद्दल अकरलॉफला नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्याचा पाया हाच निबंध होय.

निबंधातील विचार बैलबाजारातील शेतकऱ्याला सहज पटेल असा आहे. अमेरिकेत खोडीच्या मोटारीला बोलीभाषेत ‘लिंबू’ म्हणतात. गाडी चांगली आहे की लिंबू आहे, हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा धोका ध्यानात घेऊन मधली किंमत देऊ करतो. ज्याची गाडी खरोखर चांगली आहे, त्याला ही किंमत कमी वाटते आणि तो बाजारातून निघून जातो. मागे राहतात त्या अधिकाधिक वाईट गाड्या. ते पाहून घेणारा आणखी कमी किंमत सांगतो, आणि शेवटी बाजारच बसतो. खोटे बोलणाऱ्यामुळे होणारे नुकसान फसलेल्या एका माणसापुरते राहत नाही. खरे बोलणाऱ्याचा मालही त्यामुळे पडून राहतो, हा त्याचा सिद्धांत. आपल्या निबंधात त्याने भारतातील सावकारीचे आणि मॅनेजिंग एजन्सीच्या पद्धतीचेही दाखले दिले होते. गंमत अशी की, हा विद्वान ज्या दिल्लीत बसला होता, तेथेच त्या वेळी जुनी गाडी नव्यापेक्षा महाग विकली जात होती. टंचाईने लिंबालाही आंब्याचा भाव आणला होता. टंचाई संपली, उदारीकरणानंतर गाड्यांची रीघ लागली, तेव्हा मात्र अकरलॉफचे म्हणणे दिल्लीच्या करोल बागेतील जुन्या गाड्यांच्या बाजारात शब्दशः प्रत्ययास येऊ लागले. मारुती कंपनीने स्वतःच २००१ साली जुन्या मोटारींची तपासून विक्री करणारी दुकाने काढली. कंपनीचे नाव हीच तेथे दलालाची साक्ष झाली.

बैलाला नसलेली एक गोष्ट मोटारीला असते. ती म्हणजे तिचे कागद. भारतात मोटारींच्या नोंदणीचा देशव्यापी कायदा १९१४ साली झाला. त्याची जागा १९३९ च्या कायद्याने घेतली. रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला इजा झाल्यास त्याची भरपाई व्हावी, म्हणून विमा सक्तीचा करणारे प्रकरण त्याच कायद्यात होते आणि ते १ जुलै १९४६ पासून अमलात आले. तरीही एक प्रश्न मोकळाच राहिला होता. गाडीचा मालक कोण? पैसे देऊन जो गाडी घरी घेऊन गेला तो, की ज्याचे नाव सरकारी वहीत आहे तो? १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यात मालकाची व्याख्या स्पष्ट करण्यात आली: ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे, तो मालक. गाडी विकणाऱ्याने त्याच राज्यात विकल्यास चौदा दिवसांत आणि दुसऱ्या राज्यात विकल्यास पंचेचाळीस दिवसांत कळवावे. घेणाऱ्याने तीस दिवसांत आपले नाव चढवून घ्यावे, असे कायदा सांगतो. एकोणतीस व तीस क्रमांकाचे दोन नमुने त्यासाठी असतात.

हा नियम किती जणांनी पाळला? सह्या करून कोरे नमुने दलालाच्या स्वाधीन करायचे, पैसे मोजून घ्यायचे आणि गाडी विसरून जायची, अशी वहिवाट सर्वत्र पडली. दलाल ते नमुने पुढच्या गिऱ्हाइकाला देई. ते गिऱ्हाईक त्याच्या पुढच्याला. नाव चढविण्याचा खर्च आणि खेटे सर्वांनीच टाळले. या निष्काळजीपणाची किंमत कोणी मोजली, हे हरियाणातील एका खटल्यावरून दिसते.

त्या खटल्यातील मोटार २००७ साली मूळ मालकाने विकली. घेणाऱ्याने ती पुढच्या वर्षी दुसऱ्याला विकली, त्याने तिसऱ्याला. आणि त्या तिसऱ्यानेही आपण ती पुढे विकल्याचे सांगितले. सरकारी वहीत मात्र पहिल्याच मालकाचे नाव कायम राहिले. २७ मे २००९ रोजी त्या मोटारीने झालेल्या अपघातात एक मुलगा दगावला आणि एक स्त्री जखमी झाली. भरपाई कोणी द्यायची? न्यायाधिकरणाने नोंदणीकृत मालकाला जबाबदार धरले. उच्च न्यायालयाने तो भार शेवटच्या खरेदीदारावर टाकला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपक मिश्रा, न्यायमूर्ती अजय खानविलकर आणि न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालपत्राचा आशय असा की, ज्याचे नाव वहीत आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. अपघातात सापडलेल्या माणसाने एका धन्यामागून दुसरा धनी असे शोधीत फिरावे, हे कायद्याला अभिप्रेत नाही.

वरवर पाहता हा न्याय कठोर वाटेल. दोन वर्षांपूर्वी हातावेगळी केलेली गाडी, आणि तिच्या अपराधाची भरपाई आपण करायची! परंतु दुसऱ्या बाजूला ते मूल आहे आणि त्याचे आईबाप आहेत. त्यांनी कोणाचे दार ठोठवायचे? नाव न चढविण्यात ज्यांची ज्यांची सोय झाली, ते सारे एकेक करून अंगण झटकून मोकळे झाले असते. एका साध्या नमुन्यावरची सही आणि एक कचेरीतला खेटा यांना केवढा अर्थ असतो, हे या निकालाने दाखवून दिले. पुढे सरकारनेही एक पाऊल टाकले. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने अधिकारपत्र घ्यावे, गाडी त्याच्या ताब्यात आल्याची वर्दी नोंदणी कचेरीला द्यावी आणि त्या दिवसापासून तोच मालक मानला जावा, असे नियम डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध होऊन १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. रुमालाखालच्या हाताला अखेर नाव आणि पत्ता मिळाला.

फरीदाबादच्या खरेदीदारापुढे याखेरीज आणखी एक परीक्षा असते, आणि तिचा संबंध हवेशी आहे. दिल्लीच्या दूषित हवेविरुद्ध महेशचंद्र मेहता यांनी १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यातून पुढील चाळीस वर्षे आदेशांची मालिका निघत राहिली. १९९९ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने राजधानी परिसरातील नव्या खासगी गाड्यांना युरोपीय धूरमानके लागू केली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ च्या नोव्हेंबरात पंधरा वर्षांवरील गाड्यांना आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा उचलून धरली: राजधानी परिसरात डिझेलची गाडी दहा वर्षे आणि पेट्रोलची पंधरा वर्षे. फरीदाबाद हरियाणात असले तरी या परिसरातच मोडते. म्हणून येथे गाडीचे वय दातांवरून किंवा चाकांवरून पाहण्याची गरज उरली नाही. नोंदणीची तारीख पाहिली की आयुष्याची दोरी किती उरली, ते कळू लागले.

याचा परिणाम विलक्षण झाला. नऊ वर्षांच्या डिझेल गाडीला फरीदाबादेत मातीमोल भाव येई. तीच गाडी ‘ना हरकत’ दाखला घेऊन परिसराबाहेर दूर नेली, की तिचे उरलेले आयुष्य परत मिळे. देशाच्या अन्य भागांत पंधरा वर्षांनंतरही योग्यतेची तपासणी करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढविता येते. यंत्र तेच, धूर तोच; सीमा ओलांडताच त्याची किंमत वाढे. राजधानीचा धूर अशा रीतीने लहान गावांच्या वाट्याला जाई, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही. उलटपक्षी, उत्तम राखलेली आणि कमी फिरलेली गाडी केवळ तारखेसाठी भंगारात देताना, आयुष्याची पुंजी तिच्यात घातलेल्या कुटुंबाच्या पोटात कालवाकालव होई. मुलांच्या फुफ्फुसांची काळजीही खरी आणि ही हळहळही खरी.

२०२५ साली हा वाद पुन्हा पेटला. मुदत संपलेल्या गाड्यांना १ जुलैपासून दिल्लीत इंधन देऊ नये आणि फरीदाबादसह शेजारच्या जिल्ह्यांत तोच नियम १ नोव्हेंबरपासून लागू करावा, असा हवेच्या गुणवत्तेसाठी नेमलेल्या आयोगाचा आदेश होता. लोकांत असंतोष उसळला आणि काही दिवसांतच दिल्लीतील अंमलबजावणी पुढे ढकलावी लागली. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश दिला. त्याच वर्षीच्या १७ डिसेंबरला त्यात बदल करून हे संरक्षण ‘भारत चार’ आणि त्यापुढील धूरमानकांच्या गाड्यांपुरते सीमित करण्यात आले. म्हणजे वयाबरोबरच धुराचे मानक हाही एक दात मानला गेला. २०१० सालची पहिली ईको २०२५ साली पंधरा वर्षांची झाली. अशा गाडीच्या नोंदणीपत्रावरील मानकाची ती एक ओळ वाचल्याशिवाय तिच्या किमतीविषयी काही बोलणेच व्यर्थ.

आता आपल्या त्या कुटुंबाकडे वळू. जुनी व्हॅन पाहावयास निघालेल्या माणसाने काय पाहावे? अनुभवी मिस्त्री सांगतात की रंगाकडे पाहू नये. ताजा रंग हा बैलाच्या शिंगांच्या रंगासारखाच. व्हॅनचे इंजिन आसनाखाली असते, म्हणून आसन उचलून तेथले तेल आणि तापमान पाहावे. पायाखालचे रबर उचलून पत्रा गंजला आहे काय ते पाहावे. सरकते दार अडखळत असेल, तर ते शाळेच्या मुलांनी दिवसातून पन्नास वेळा ओढले असण्याचा संभव आहे. किलोमीटरचा काटा मागे फिरविता येतो. परंतु ब्रेकच्या पायट्यावरचे झिजलेले रबर आणि चालकाच्या आसनाचा बसलेला कोपरा यांना खोटे बोलता येत नाही. गॅसवर चालणारी गाडी असेल, तर गॅसच्या साधनाची नोंद नोंदणीपत्रात हवी आणि सिलिंडरची तपासणी मुदतीत झालेली हवी.

यंत्रानंतर कागद. इंजिनाचा आणि सांगाड्याचा क्रमांक नोंदणीपत्राशी ताडून पाहावा. बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा दाखला पाहावा. दंडाच्या पावत्या थकल्या आहेत काय, विमा चालू आहे काय, तो आपल्या नावावर करून घेतला काय, याची खात्री करावी. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला येथे एक वेगळेपण जाणवते. हरियाणात खासगी गाडीच्या नोंदणीचे काम उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या कचेरीत चालते. ज्याला आपल्याकडे ‘प्रांत’ म्हणतात, तोच तेथे गाडीला क्रमांक देतो. फरीदाबादच्या गाडीवर ‘एच.आर. ५१’ ही अक्षरे दिसतात ती त्याच्याच वहीतून. पुढे बदली होऊन कुटुंब पुण्याला किंवा नागपूरला परतले, तर बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी तेथे ठेवताना महाराष्ट्राचा कर भरून नवा क्रमांक घ्यावा लागतो. वारंवार बदल्या होणाऱ्यांसाठी २०२१ साली ‘भारत’ मालिकेचे क्रमांक निघाले. त्यामुळे सरकारी आणि अनेक राज्यांत कचेऱ्या असलेल्या आस्थापनांच्या नोकरांची ही यातायात बरीच कमी झाली.

हे सारे वाचून एखाद्याला वाटेल की, एवढ्या खटाटोपापेक्षा ओळखीच्या माणसाकडून विश्वासाने घ्यावी हे उत्तम. विश्वास ही मोठी गोष्ट आहे, यात शंका नाही. मालाच्या विक्रीविषयीचा १९३० चा कायदाही मूळचा, घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे, याच गृहीतावर उभा आहे. परंतु बैलबाजारातील विश्वास टिकून राही तो विकणारा आणि घेणारा एकाच पंचक्रोशीतले असत म्हणून. फसविणाऱ्याला पुढच्या बाजारी तोंड दाखवावे लागे. बन्नूहून आलेला मिस्त्री, बिहारहून आलेला चालक आणि साताऱ्याहून आलेला कारकून जेथे एका रस्त्यावर राहतात, तेथे पंचक्रोशी कोठून आणावी? नोंदणीची वही ही त्या मोडलेल्या पंचक्रोशीची जागा घेण्यासाठी निर्माण झालेली संस्था होय. ती पुष्कळदा रूक्ष असते आणि तिच्यापुढे तासन्‌तास उभे राहावे लागते. तरी परक्याला परक्याशी निर्भयपणे व्यवहार करता यावा, एवढे मोठे काम तीच करते.

म्हणून फरीदाबादेत एखादी जुनी व्हॅन हात बदलते, तेव्हा व्यवहार पुरा कधी होतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. पैसे मोजले आणि किल्ली हाती आली, म्हणजे तो पुरा होत नाही. जुन्या धन्याचे नाव वहीतून उतरून नव्याचे चढते, तेव्हा तो पुरा होतो. त्या क्षणी विकणारा खरोखर मोकळा होतो, घेणारा खरोखर धनी होतो. आणि रस्त्यावरून चालणारा तो तिसरा माणूस, ज्याचा या व्यवहाराशी काही संबंध नाही असे दोघांनाही वाटत असते, त्यालाही एक आधार मिळतो. सौदा दोघांचा असला, तरी त्याची साक्ष त्या तिसऱ्यासाठी असते.